शिट्टी होईपर्यंत

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर एकच नियम होता आणि तो मास्तरांनी घालून दिलेला होता. शिट्टी झाल्याशिवाय हात खाली नाही. हात वर असोत, बाजूला असोत नाहीतर कमरेवर असोत, शिट्टी होईपर्यंत ते तिथेच. नाकावर माशी बसली तरी तिला बसू द्यायचं. एकदा चष्मेवाल्याचा चष्मा घामाने घसरत घसरत पार ओठावर येऊन टेकला, तरी त्या भल्या माणसाने हात खाली आणला नाही. दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्याला स्वतःचा चष्मा सावरता येऊ नये, यावर सगळे पोट धरून हसले. पण तेही शिट्टी झाल्यावर.

मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे सर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कवायत काही अंगातून गेली नव्हती. अंगाने बुटके, मानेने ताठ, पांढरे बूट, पांढरा सदरा आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी. ही शिट्टी त्यांना त्यांच्या स्वतःच्या सरांनी दिली होती, शाळा सोडून जाताना, सगळ्या पोरांसमोर बोलावून. ‘सरांची शिट्टी आहे ही,’ असं मास्तर सांगत तेव्हा एवढ्या वयातही त्यांचे पाय आपोआप जुळत. दर रविवारी ती गरम पाण्यात बुडवून घासली जाई. घासायला जावयाचा दातांचा ब्रश. जुना झालेला, असं मास्तरांचं मत. जावयाचं मत वेगळं होतं, पण ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तर हा जावई. त्याच्या आईने हौसेने ठेवलेलं त्याचं नाव मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी तो जावईच. घरजावई सगळ्यांनी पाहिलेला असतो, याच्याकडे मात्र घरसासरा होता. सासूबाई गेल्या, मागे मास्तर एकटे उरले आणि बायकोने एका दुपारी परस्पर जाऊन त्यांची ट्रंक आणि खाट घरी आणली. जावयाची लेक शिकायला बाहेरगावी गेली होती, तिच्या खोलीत खाट पडली. आणि दुसऱ्याच दिवशी, उजाडायच्या आत, जावयाच्या अंगावरचं पांघरूण कोणीतरी खसकन ओढलं.

‘उठा. पाठ दुखते म्हणता ना? मग झोपून काय तिची आरती ओवाळताय?’

व्यायाम हा जावयाचा प्रांतच नव्हे. तो खोक्यांच्या कारखान्यात यंत्रावर होता. सपाट पुठ्ठा यंत्रात सरकवायचा, यंत्राने त्याच्यावर घड्या दाबल्या की उचलायचा आणि बाजूला रचायचा. दिवसभर वाकायचं आणि उठायचं. एवढं वाकणं-उठणं झाल्यावर माणसाने पुन्हा पहाटे उठून तेच फुकट करावं, हे त्याला पटेना. पण सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? पहिले काही दिवस तो नुसता लाजेकाजेस्तव गेला, मनातल्या मनात शिव्या घालत. मग एक दिवस कारखान्यात त्याच्या लक्षात आलं की दुपार झाली तरी आपला हात पाठीवर गेलेला नाही. त्या दिवशी घरी येताना त्याने मास्तरांसाठी नवी पांढरी बुटांची नाडी आणली.  मास्तरांनी नाडी बुटात ओवली आणि म्हणाले, ‘उद्या वेळेवर.’

‘उद्या वेळेवर’ हे त्यांचं रोजचं शेवटचं वाक्य. कवायत संपली की सगळ्यांनी ताठ उभं राहायचं, मास्तरांनी एकदा रांगेवरून नजर फिरवायची, म्हणायचं, ‘उद्या वेळेवर.’ सगळ्यांनी एका सुरात ‘हो, सर’ म्हणायचं, आणि मगच पांगायचं. चष्मेवाला आपल्या दुकानाकडे, औषधवाल्या बाई आपल्या दुकानाकडे, बाकीचे आपापल्या बसकडे आणि जावई कारखान्याच्या फाटकाकडे. कारखान्याचा भोंगा वाजला की फाटक बंद होई आणि मग कोणी कितीही गयावया केली तरी अर्धा दिवस बुडाला म्हणून समजायचं.

मास्तर घरात कसे वागत, हे बघितलं की जावयाला वाईट वाटे. पंखा लावायचा तर ‘लावू का जरा?’ असं विचारत. पेपर आधी जावयाने वाचायचा, मग त्यांनी. खुर्चीत बसत तेसुद्धा कडेला, कोणी आलं तर लगेच उठता यावं अशा बेताने. मुलीच्या घरी राहतोय हे त्यांनी एक दिवससुद्धा स्वतःला विसरू दिलं नाही. घरात ते पाहुणे होते. मैदानावर मात्र त्यांचं राज्य. तिथे ते जावयाला सगळ्यांदेखत ‘ए खांब, गुडघे वाकवू नकोस!’ म्हणून ओरडत आणि जावई निमूटपणे गुडघे सरळ करी. घरी आल्यावर पुन्हा ‘तुम्ही आधी चहा घ्या, मला काही घाई नाही.’ खरं सांगायचं तर जावयाला ‘ए खांब’च जास्त आवडे.

एका सकाळी मास्तरांनी ‘हात वर’ म्हटलं, आणि सगळ्यांचे हात वर गेले. मास्तर समोर उभे होते. त्यांची नजर टाकीवर होती. टाकीवर बघण्यासारखं काही नव्हतं, एक कावळा होता आणि थोड्या वेळाने तोही उडाला. हात वरच. चष्मेवाल्याचे कोपर थरथरायला लागले. रांगेत कोणीतरी कण्हलं. औषधवाल्या बाई ओठ न हलवता पुटपुटल्या, ‘जावई, काहीतरी करा हो. दुकान उघडायचंय मला.’

जावई शेवटच्या रांगेत होता. उंचीप्रमाणे उभं करायचं, बुटके पुढे आणि उंच मागे, हाही मास्तरांचाच शिरस्ता. त्याला दुसरं काही सुचलं नाही, तो खोकला. मास्तर दचकले. त्यांनी हातातल्या शिट्टीकडे पाहिलं, ती तोंडाला लावली आणि फुंकली. धडाधड हात खाली आले.

‘सर आज कडक मूडमध्ये दिसतात,’ चष्मेवाला खांदे चोळत हसत म्हणाला. जावईही हसला. पण एक गोष्ट त्याला खटकली होती. खोकल्यावर मास्तर त्याच्याकडे बघून ओरडले नव्हते, आणि रांगेत खोकणाऱ्याला ओरडल्याशिवाय ते कधी राहत नसत.

त्यानंतर जावयाचा खोकला रोजचाच झाला. औषधवाल्या बाईंनी खोकल्याचं औषध देऊ केलं, तेवढीच थट्टा. मास्तर कधी शिट्टी विसरत, कधी झालेलाच प्रकार पुन्हा घेत, कधी डावीकडे वळवलेल्या रांगेला उजवीकडे वळवायचं राहून जाई आणि सगळे मैदानाच्या कुंपणाकडे तोंड करून ताटकळत उभे राहत. बायकोजवळ त्याने विषय काढला तर ती उसळली.

‘वय झालं की माणूस विचारात पडतो. तुम्ही नाही का परवा दूध उतू घालवलंत?’

‘अगं, दूध वेगळं.’

‘वेगळं काय त्यात? गॅसपाशी उभे होतात आणि दूध उतू गेलं. तुम्हाला नेलं का मी डॉक्टरांकडे?’

 दूध उतू गेलं होतं हे खरंच होतं. पण एके दिवशी मास्तर संध्याकाळी पांढरे बूट घालून दारात उभे राहिले आणि लेकीला म्हणाले, ‘आज उजाडायला उशीर झालाय बघ.’ तेव्हा तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं, बरंच काही विचारलं आणि शेवटी मास्तरांना बाहेर बसवून या दोघांना सांगितलं, की हे असंच हळूहळू होत जाणार आहे. त्याच्यावर औषध म्हणावं असं नाही. जे त्यांना येतंय ते करू द्या, जितके दिवस येतंय तितके दिवस.

रस्त्याने येताना मास्तर पुढे चालत होते, हात हलवत, पावलं टाकत. ही दोघं मागे. बायको रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं जावयाला वाटलं. ती म्हणाली, ‘बाबांना काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. ते ग्राउंड बंद पडलं की बाबा संपले. काहीही करा, पण ते बंद पडू देऊ नका.’

‘नाही पडू देणार,’ जावई म्हणाला. म्हणाला खरा, पण कसं ते त्याला मुळीच माहीत नव्हतं. पुढे चाललेल्या त्या ताठ पाठीकडे बघून दुसरं काही तोंडातून येणं शक्यच नव्हतं.

ग्राउंड बंद पडायला आलंच होतं. लोकांना कामं होती. सरांवर सगळ्यांचा जीव, पण ज्याची बस चुकते तो किती दिवस जीव लावणार? एकेक जण गळायला लागला. कोणाचा पाय मुरगळला, कोणाची कामाची पाळी बदलली. जावई एकदा भोंग्यानंतर फाटकावर पोचला आणि त्याला सुपरवायझरने सगळ्यांसमोर झाडलं. ‘व्यायाम करून येतोस ना? मग धावत यायला काय होतं?’ हसणारे हसले. जावयानेही हसून घेतलं, कारण तिथे सासऱ्याची गोष्ट सांगत बसणं त्याला नको होतं. आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर अर्धा दिवस बसून विचार करता करता त्याला ती युक्ती सुचली. ज्या युक्तीला त्याने पुढे जन्मभर शिव्या घातल्या, ती त्याला सुचली तेव्हा एवढा आनंद झाला होता की तो कट्ट्यावरून उठून उभा राहिला.

दुसरी शिट्टी आणायची. मास्तर विसरले की मागून आपण फुंकायची.

चष्मेवाल्याने खेळाच्या दुकानातून शिट्टी पैदा केली. आवाज जरा बारीक होता, पण चालण्यासारखा. औषधवाल्या बाईंनी तेवढं तोंड वाकडं केलं.

‘मला नाही हे पटत. त्यांना न सांगता त्यांच्या मागे असं काही करायचं...’

‘मग दुसरं काय करायचं सांगा,’ जावई म्हणाला.

 बाई म्हणाल्या, ‘दुसरं नाही सुचत. तेच तर.’

हात वर असताना शिट्टी खिशातून काढता येत नाही, म्हणून जावई ती सुरुवातीपासूनच तोंडात धरून उभा राही. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने. उंच माणूस, शेवटची रांग, त्यामुळे समोरून दिसण्याचा प्रश्न नव्हता, आणि मास्तरांची नजर तशीही लांबचं नीट पकडत नव्हती. पहिल्या दिवशी मास्तर टाकीकडे बघत थांबले, हात थरथरायला लागले आणि मागून शिट्टी वाजली. मास्तर दचकले. त्यांनी गळ्यातली शिट्टी चाचपली, तिच्याकडे उलटसुलट करून पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. सगळ्यांचे हात खाली आले होते. त्या अर्थी शिट्टी झाली होती. ‘विश्राम!’ मास्तर म्हणाले, आणि सगळ्या मैदानाने सुस्कारा सोडला.

काय सांगावं, ग्राउंड पुन्हा मार्गी लागलं! गळालेले परत आले. मुरगळलेले पाय बरे झाले. भोंग्याच्या आधी जावई फाटकात. मास्तरांचा चेहराही निवळला. मधेमधे अडकल्यावर त्यांच्या कपाळावर एक घाबरी आठी पडायची, ती दिसेनाशी झाली. बायकोने विचारलं, ‘कसं चाललंय?’ जावई म्हणाला, ‘जमतंय.’ तिने खोदून विचारलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. तो आपल्या हुशारीवर इतका खूश होता, की यंत्रावर पुठ्ठे सरकवताना शीळ घालत होता.

हळूहळू मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावणंच सोडलं. गरजच काय? ती वेळेवर होतच होती. मग पुढचा प्रकार कोणता हे त्यांना आठवेना, तेव्हा चष्मेवाला पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात सांगायला लागला, ‘सर, आता कमरेचा.’ मास्तर म्हणायचे, ‘कमरेचा!’ मग नुसतं ‘हं’ म्हणायला लागले. मग तेही नाही. चष्मेवाला बोले, जावई फुंके, रांग चाले, आणि मास्तर रांगेबरोबर स्वतःही हात वर-खाली करत. सगळ्यांना वाटलं, छान, सर आता आपल्याबरोबर व्यायाम करतात, या वयात तेवढंच अंग मोकळं होतं. ते रोज रांगेच्या थोडे जवळ उभे राहायला लागले होते. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. हवा गार होती. माणूस माणसांच्या आडोशाला सरकतोच.

एकदा घरी परतताना मास्तर जावयाला म्हणाले, ‘आजकाल सर ओरडत नाहीत हं.’

‘हो ना,’ जावई म्हणाला. त्याचं सगळं लक्ष भोंग्याकडे होतं. त्याला वाटलं, मास्तर स्वतःबद्दलच गमतीने बोलताहेत. मास्तरांना घराच्या फाटकात सोडून तो कारखान्याकडे पळाला. पुढे कितीतरी दिवस त्याला ते वाक्य आठवत राहिलं, आणि आपण त्यावर काय म्हणालो तेही.

मग ती सकाळ. त्या दिवशी मास्तर नेहमीसारखे तयार झाले, बूट घातले, नाड्या जावयाने बांधल्या, आणि दोघे निघाले. बायको ओट्यापाशी होती. भांडं ठेवायला वळली तर दारामागच्या खिळ्याला शिट्टी लटकलेली. काळी दोरी, खाली पितळ. बाबा शिट्टी विसरून गेले, असं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं. तापातसुद्धा ती त्यांच्या उशाशी असे. तिने गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि तशीच मैदानाकडे धावली.

इकडे रांगा लागल्या होत्या. जावयाने तोंडात शिट्टी धरली आणि समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. मास्तर जिथे उभे राहत तिथलं गवत त्यांच्या बुटांनी झिजून गेलं होतं, तेवढीच मातीची जागा दिसत होती. मास्तर पहिल्या रांगेत होते. अगदी कडेला, चष्मेवाल्याच्या शेजारी. उंचीप्रमाणे त्यांची जागा तीच. टाचा जुळवलेल्या, छाती पुढे, नजर समोरच्या रिकाम्या मातीवर.

‘सर, पुढे या ना,’ चष्मेवाला हळूच म्हणाला.

मास्तरांनी ऐकलं नाही. कोणाला काय करावं कळेना. मग मास्तरांनी स्वतःहून दोन्ही हात वर केले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मागच्या सगळ्यांचे हात वर गेले. कोणी ठरवून केले नाहीत, गेले. टाकीमागच्या त्या मैदानावर एवढी जाणती माणसं समोर कोणीही नसताना हात वर करून उभी राहिली. जावयाने शिट्टी फुंकली. दुसरं तो काय करणार होता? हात खाली आले.

‘सर,’ चष्मेवाला पुन्हा म्हणाला आणि जावयाकडे बघायला मागे वळला.

मास्तरांनी त्याचा दंड पकडला. ‘ए, मागे बघू नकोस,’ ते कुजबुजले. आवाज घाबरलेला होता, पण त्यात एक खोडकर आनंदही होता. ‘सर मागे उभे आहेत. मागे वळलेलं त्यांना चालत नाही.’

बायको तोपर्यंत रांगेपाशी येऊन पोचली होती. तिने सगळं ऐकलं. धापा टाकत ती तशीच वडिलांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने दोरी पुढे धरली.

‘बाबा, तुमची शिट्टी. घरी राहिली.’

मास्तरांनी शिट्टीकडे पाहिलं. एक क्षण त्यांचे डोळे असे काही उजळले, की जावयाला वाटलं, आता हात पुढे करतील, दोरी गळ्यात घालतील आणि ओरडतील, ‘ए खांब, तोंडात काय आहे तुझ्या?’ त्याने तोंडातली शिट्टी लपवायला जीभसुद्धा हलवली. त्या क्षणी त्याला ओरडा खायचा होता. इतका ओरडा खायचा होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘सरांची आहे ही,’ मास्तर म्हणाले. ‘मला कशाला देता? मागे द्या.’

बायकोने मान वर करून मागे पाहिलं. रांगांमधून वाट काढत ती नवऱ्यापर्यंत आली. जावयाने तोंडातली शिट्टी काढून तळहातावर घेतली होती. स्वस्तातली, चकचकीत, लाळेने ओली. ती त्या शिट्टीकडे बघत राहिली. इतके दिवस ‘जमतंय’ म्हणजे काय जमत होतं, ते तिला कळलं. तो तिच्या रागावण्याची वाट बघत होता. रागावण्यासारखंच होतं. मास्तरांची शिट्टी बंद पडू द्यायची नव्हती आणि यांनी मिळून ती बंद पाडली होती. त्यांचं एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, तेही त्यांना सांभाळण्यासाठी. औषधवाल्या बाई खाली मान घालून उभ्या होत्या.

‘तू म्हणालीस काहीही करा,’ जावई म्हणाला. त्याला हे म्हणायचं नव्हतं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘मीच म्हणाले.’

लांबून कारखान्याचा भोंगा वाजला. जावई हलला नाही. कोणीच हललं नाही, कारण पुढे मास्तरांनी पुन्हा हात वर केले होते. आता रांगेतल्या कोणाचेही हात वर नव्हते, एकट्या मास्तरांचे होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. बारीक, सुरकुतलेले दंड थरथरत होते. पण हात खाली येत नव्हते. शिट्टी झाल्याशिवाय हात खाली नाही.

‘बाबा, पुरे,’ बायको तिथूनच म्हणाली. ‘हात खाली घ्या. बाबा!’

मास्तरांनी मान जोरात हलवली. नाही. कोणी बाई सांगते म्हणून हात खाली घ्यायला ते काय नवीन पोर होते?

जावई जागच्या जागी उभा होता. त्याला वाटत होतं, आता फुंकली तर संपलं. आपण सर झालो आणि ते पोर झाले, ते कायमचं. न फुंकावी तर ते उभेच राहतील. मधली अशी काही वाट असेल तर ती कोणीतरी दाखवावी, डॉक्टरने, बायकोने, पाण्याच्या त्या टाकीने, कोणीही. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पितळी शिट्टी त्याच्या हातात कोंबली. तिचे ओठ वेडेवाकडे झाले होते.

‘फुंका ना हो,’ ती म्हणाली. ‘बाबांचे हात दुखताहेत.’

पहिल्यांदा नुसती हवाच आली. त्याने ओठ पुसले आणि पुन्हा फुंकली. मैदानावर तो जुना, जाड, ओळखीचा आवाज घुमला, कित्येक दिवसांनी. मास्तरांचे हात खाली आले. त्यांनी दंड चोळले, बाजूच्या चष्मेवाल्याकडे बघून ते हसले, आणि मग टाचा जुळवून ताठ उभे राहिले. तसेच राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. घरी चला म्हणून लेक पुढे झाली, तिने हात धरला, तरी ते जागचे हलेनात. कशाची वाट बघताहेत ते तिला कळेना. ती कधी कवायतीला आली नव्हती.

जावयाला कळलं. त्याने घसा खाकरला. मागून, शेवटच्या रांगेतून, सासऱ्याच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, ‘उद्या वेळेवर.’

‘हो, सर,’ मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. बाकी कोणालाच ते म्हणता आलं नाही.